हाताला लागलेली लाट

१२ मे, मंगळवार. आज सकाळी सातला ऑफिसच्या जीपने दुधनी रस्त्याला गेले. आठ ते अकरा लाइन बंद मिळाली होती. दोन लाइनमन, एक नवीन इंजिनीअर आणि मी. मोजणी झाली. दुपारी ऑफिसात बसून रिपोर्ट लिहिला, सही केली आणि साहेबांच्या टेबलावर ठेवून पाचला घरी आले. ऊन फार होतं.

आप्पा, तुम्हाला जाऊन पंधरा वर्षं झाली आणि मी तुम्हाला पहिल्यांदा पत्र लिहिते आहे. तुम्ही असताना तरी आपण काय बोलायचो? कामाचंच. जेवताना सुद्धा कुठल्या टॉवरचा पाय खचला, कुणाचा तार ओढायचा विंच बिघडला, एवढंच. म्हणून आजही कामाचंच लिहिते.

तुम्ही ओढलेली दुधनीकडची तार आता काढणार आहेत. सिल्वासात कारखाने फार वाढले आहेत. वीज कमी पडत नाही, ती आणायला तार कमी पडते. नवीन लाइन टाकायची तर जागा कुठे आहे? डोकमर्डीला आपण राहायला आलो तेव्हा खिडकीतून शेत दिसायचं, आता समोरच्या बिल्डिंगमधल्या बाईच्या पोळ्या दिसतात. म्हणून टॉवर तेच ठेवायचे, पाये तेच, फक्त तार बदलायची. या नव्या तारेत मधे स्टीलची दोरी नाही. तिथे कार्बनच्या धाग्यांची एक काडी असते, पेन्सिलीएवढी, आणि तिच्याभोवती ॲल्युमिनियम. तुमची तार तापली की लांबायची, खाली यायची, म्हणून तिच्यातून ठरावीकच वीज सोडता येत होती. ही तिच्या दुप्पट तापली तरी झोल घेत नाही. त्याच टॉवरांवरून जवळजवळ दुप्पट वीज जाते. मी नमुन्याचा तुकडा हातात घेतला तेव्हा तुमची आठवण झाली, कारण तुम्ही पहिल्यांदा तो वाकवून बघितला असता. तिला वाकवायचं नसतं, आप्पा. आतून मोडते आणि बाहेरून काही दिसत नाही.

ती तार यायला डिसेंबर उजाडेल. तोवर जुन्या तारेतूनच जास्त वीज काढायची म्हणून तिच्यावर, दोन टॉवरांमधल्या गाळ्यागाळ्यात, यंत्रं बसवली आहेत, जेवणाच्या डब्याएवढी. वारा असला, तार गार असली की वीज वाढवायची, तापून खाली यायला लागली की कमी करायची. जूनपासून असं चालवायचं ठरलं होतं. आमच्याकडे नवीन आलेला इंजिनीअर मुलगा, अमळनेरचा आहे, मला यंत्र समजावून सांगत होता. म्हणाला, "मॅडम, तार वाऱ्याने हलते ना, त्या हलण्यावरूनच हे झोल काढतं. खाली टेप नको, दुर्बीण नको. भारी आहे ना?" मी भारी आहे म्हटलं आणि पाणी प्यायला उठले.

गेल्या आठवड्यात तोच मुलगा कागद घेऊन माझ्या टेबलाशी आला. "मॅडम, दुधनी रस्त्याच्या गाळ्यातलं मशीन गंडलंय. रजिस्टरमध्ये झोल सात मीटर आहे आणि हे साडेआठ दाखवतंय. याचा आकडा सोडून देऊ, बाकीच्यांवर चालवू."

मी विचारलं, "रजिस्टर कुणी लिहिलंय बघितलंस का?"

"खूप जुनं आहे. पण अक्षर मस्त आहे हां. छापल्यासारखं."

आप्पा, ते रजिस्टर म्हणजे आपल्या गँगची नोंदवही, आणि अक्षर माझं आहे. ते तुम्हाला माहीत आहे. त्या मुलाला माहीत नव्हतं. मी म्हटलं, आधी जागेवर जाऊन बघू.

तेव्हा मी बावीस वर्षांची होते. डिप्लोमा झाला होता, नोकरी नव्हती. तुम्ही ठेकेदाराला सांगून मला तुमच्या गँगवर नोंदी ठेवायला लावलंत. आई म्हणाली होती, पोरीला बाप्यांच्या कामात कुठे नेता? तुम्ही म्हणालात, माझं अक्षर मलाच वाचता येत नाही, तिचं साहेबाला वाचता येईल. साइटवर तुम्ही मला कधी नावाने हाक मारली नाहीत, पोरी म्हणाला नाहीत. गँगमधले बिहारचे, नंदुरबारचे सगळे मला बेन म्हणायचे आणि तुम्हीही बेनच म्हणायचात. पहिले चार दिवस मला हसू यायचं. मग सवय झाली. घरी आल्यावर तुम्ही पाय धुऊन बसलात की परत माझे वडील व्हायचात.

झोल मोजायची तुमची रीत मी त्या महिन्यात शिकले. टॉवरपासून दहा-बारा फुटांवर तारेवरून सुती दोरी टाकायची. सगळ्यांना गप्प करायचं, विंचचं इंजिन बंद करायचं. मग दोरीला एकच झटका द्यायचा. तो झटका तारेतून लाट होऊन निघतो, तीन-साडेतीनशे मीटरवरच्या पलीकडच्या टॉवरला जाऊन धडकतो आणि परत येतो. दोरी धरलेल्या हाताला कळतं. परत जातो, परत येतो, दर वेळी जरा अशक्त होऊन. तिसरी लाट हाताला लागली की घड्याळ थांबवायचं. सेकंदांवरून झोल निघतो. जितका उशीर तितका झोल जास्त. तुम्ही म्हणायचात, घड्याळ ज्याच्या हातात त्यानेही दोरी धरली पाहिजे, दुसऱ्याने सांगेपर्यंत थांबला तर उशीर होतो. म्हणून एका दोरीला आपण दोघे, तुमचा हात वर, माझा खाली. आणि प्रत्येक वेळी तुम्ही अगदी हळू, आपल्या गावाकडच्या बोलीत विचारायचात, "उनी का?" आली का? त्या साडेचौदा सेकंदांत सगळी गँग श्वास धरून उभी असायची. लांब कुठे तरी मोरांचा आवाज यायचा, बाकी काही नाही.

दुधनी रस्त्याचा गाळा मोजला त्याच्या आदल्या दिवशी तुम्ही मला सगळ्यांसमोर बोललात. मी तिसऱ्या लाटेला तुमच्याकडे बघितलं, तुम्ही मान हलवलीत, मग मी घड्याळ दाबलं. अर्धा सेकंद गेला. "कसाले विचारस?" तुम्ही ओरडलात. "माले विचारीसन दाबनं व्हतं तर डिप्लोमा कसाले करा? हात सांगी तव्हय दाब!" विंचवरचा माणूस हसला. म्हणाला, "दादा, बेन को दो घडी दे दो. एक दबाने की, एक पूछने की." सगळे हसले. तुम्हीही हसलात, आप्पा. मी वहीत मान घातली. त्या रात्री मी जेवले आणि ताट घासून ठेवलं आणि काही बोलले नाही. मला राग आला की मी गप्प होते, ते तुम्हाला ठाऊक होतं, तरी तुम्ही काही विचारलं नाहीत.

दुसऱ्या दिवशी दुधनी रस्त्याचा गाळा होता. पलीकडच्या टॉवरच्या अलीकडे तीस-पस्तीस मीटरवर रस्ता होता, आणि तार वाहनांवर पडू नये म्हणून रस्त्यावर बांबूचं गार्ड उभं केलं होतं, दोन्ही कडेला खांब आणि वर आडवे बांबू. मोजण्याआधी तार त्या आडव्या बांबूला टेकलेली नाही हे जाऊन बघायचं, हे माझं काम होतं. तार टेकली असली तर लाट पलीकडच्या टॉवरपर्यंत जाण्याआधीच तिथून थोडी परत फिरते. वहीच्या पहिल्या पानावर मीच लिहून ठेवलं होतं: गार्ड मोकळं आहे का? मधे भात उभं होतं, कापायला आलेलं, आणि बांधावरून चालत जाऊन परत यायचं म्हणजे पाऊण तास. मी लांबून बघितलं. मोकळं दिसत होतं. वहीत टिक केली.

तुम्ही झटका दिलात. मी या वेळी तुमच्याकडे बघितलं नाही. तिसरी लागली तशी दाबलं. पुन्हा केलं, पुन्हा तेवढेच सेकंद. तिसऱ्यांदाही. सेकंद कमी येत होते, म्हणजे तार जास्त ताणली गेली आहे, असं आकडा सांगत होता. तुम्ही दोरी तशीच धरून उभे होतात. म्हणालात, "हाई उनी का? माले बारीक वाटनी."

मी म्हणाले, "आलीच ती. तुम्हीच म्हणालात विचारायचं नाही."

तुम्ही माझ्याकडे बघितलंत. मला वाटलं आता पुन्हा ओरडाल. पण तुम्ही ओरडला नाहीत. विंचवाल्याला हात केलात, "छोडो. थोडा और छोडो." तक्त्यातल्या आकड्याशी सेकंद जुळेपर्यंत तार सैल सोडली. मग मला म्हणालात, "मंग लिख." मी लिहिलं. छापल्यासारखं.

एका गाळ्यात सैल सोडलेली तार त्या पट्ट्यातल्या सगळ्याच गाळ्यांत खाली येते, पण बाकीचे गाळे नाल्यावरचे आणि टेकाडावरचे, तिथे दीड मीटर खाली आलेली तार कुणाला कळणार? उंची भरपूर होती. सपाट शेतावरचा हा एकच. पीक निघाल्यावर खालून मोजून घ्यायचं होतं, पण तोवर गँग पुढे गेली होती आणि ते राहूनच गेलं.

पुढच्या उन्हाळ्यात तुम्ही एकदा दुपारी घरी लवकर आलात. आई कळण्याच्या भाकरी थापत होती, मी ठेचा वाटत होते. तुम्ही स्वयंपाकघराच्या दारात उभे राहिलात, टोपी हातात. म्हणालात, "त्या दुधनी रोडच्या गाळ्याला गार्ड पाहिलं होतं का तू, जाऊन?"

माझी त्या आठवड्यात वीज खात्यात नोकरीसाठी मुलाखत होती. त्या वहीवरच तर मला बोलावलं होतं. मी वरवंटा थांबवला नाही. म्हणाले, "टिक केलेली आहे. वहीत बघा."

तुम्ही म्हणालात, "बरं."

आई म्हणाली, "आता ऑफिस घरात आणू नका. बसा, भाकरी गरम आहे." तुम्ही बसलात. जेवलात. नंतर मला नोकरी लागली तेव्हा तुम्ही ते स्टॉपवॉच रुमालात गुंडाळून मला दिलंत. "तुझ्याकडंच राहू दे." एवढंच म्हणालात. सगळ्यांना वाटलं, बापाने लेकीला किती जपून ठेवलेली वस्तू दिली. मला ते रुमालातून काढायला दोन वर्षं लागली.

आणि तुम्ही दर मे महिन्यात कुठे तरी जायचात. सकाळच्या बसने जायचात, संध्याकाळी यायचात, सदऱ्याच्या बाहीला गवताच्या काड्या असायच्या. आई विचारायची तेव्हा म्हणायचात, धरणाकडे गेलो होतो. मी कधी विचारलं नाही. मग आठव्या वर्षी दुपारी अडीचला पोलीस चौकीतून फोन आला. दुधनीकडच्या एका शेतात, मोहाच्या झाडाखाली, उन्हाने. तुमच्या खिशात बसचं तिकीट आणि विडीचं बंडल. आई शेवटपर्यंत म्हणत राहिली, "एवढ्या उन्हात धरण काय बघायचं असतं माणसाने?" मी कुणाचं शेत ते विचारलं नाही. विचारायची गरज नव्हती म्हणून विचारलं नाही, आप्पा. पंधरा वर्षं त्या रस्त्याचं काम आलं की मी दुसऱ्याला पाठवलं. दुधनी रस्त्याला वासोण्याच्या पलीकडे मी गेलेलीच नव्हते.

पण ते मला सोडत नाही. कुठलाही आवाज मोठ्याने झाला, दार आपटलं, वरच्या मजल्यावर भांडं पडलं, की मी मनात मोजायला लागते. तिसऱ्यापर्यंत मोजते. कुकरची शिट्टी झाली तरी. कधी कधी मोजता मोजता तुमचा प्रश्न ऐकू येतो, अगदी कानाशी, हळू. मी मागे बघत नाही. एकदा ऑफिसात मीटिंग चालू असताना मी तोंडाने "आली" म्हणाले. सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी म्हटलं, चहा आला वाटतं.

आज सकाळी लाइन बंद झाल्यावर दोन्ही टॉवरवर अर्थिंग लावून घेतलं. मी लाइनमनला दोरी टाकायला सांगितली. त्या मुलाने विचारलं, "मॅडम, हे काय करताय? हे कुठल्या पुस्तकात आहे?"

"आहे पुस्तकात. मागच्या पानावर असतं, तिथपर्यंत कुणी जात नाही."

दोघांतला एक लाइनमन म्हातारा होत आलेला, तो हसला. "साहेब, हे आमच्या वेळचं मशीन. बॅटरी लागत नाही."

आधी मी बांधावरून चालत रस्त्यापर्यंत जाऊन आले. आता तिथे गार्ड नाही, काही नाही, तरी गेले. पाऊण तास लागत नाही. वीस मिनिटं लागतात, आप्पा. जाऊन येऊन वीस मिनिटं.

मग दोरी धरली. मुलाला म्हटलं, तू वर धर, मी खाली धरते. झटका दिला. शेत मोकळं आहे, भुईला भेगा पडल्या आहेत, वारा नव्हता. पहिली आली. एकच, स्पष्ट, दोरी हातातून कुणी खाली ओढावी तशी. दुसरी. तिसऱ्यापर्यंत जवळजवळ सोळा सेकंद गेले. मुलगा म्हणाला, "अरे! हाताला कळतंय की. मॅडम, परत करूया." तीन वेळा केलं. तिन्ही वेळा तेवढेच. यंत्र बरोबर होतं. साडेआठ मीटर.

आम्ही दोरी गुंडाळत होतो तेव्हा बांधावरच्या घरातून एक म्हातारी आली. वारली बाई, पाठीत वाकलेली, हातात विळा. म्हणाली, "तुमी तारेवाले? तो डोसा गेला तवापासून कोनी आला नाय."

मी विचारलं, "कोण डोसा? कोण म्हातारा?"

"टोपीवाला. दर साल येय, आंबे पिकत तवां. आमची पेंढ्याची गंजी तारेखाली असं, तर तो येऊन हलवी. एकलाच. तिकडं मोहाजवळ नेऊन रची. मी म्हनं, डोसा, तू कोनाचा? आमचं गवत तुला काय करतं? तर म्हने, मी तारेचा मानूस. गंजीवर उभा राहिला कोनी तर तार घेऊन जाईल त्याला." ती हसली, दात नाहीत. "माझा पोरगा त्याला येडा म्हने. मग तोबी त्याच्यासंगं हलवाया लागला."

मी गुंडाळलेली दोरी खाली ठेवली. तीच पुढे म्हणाली, की शेवटच्या वर्षी अर्धी गंजी हलवून झाली आणि तुम्ही झाडाखाली बसलात. पाणी मागितलंत. ती घरातून तांब्या घेऊन येईपर्यंत तुमची मान टेकली होती. राहिलेली अर्धी गंजी दुसऱ्या दिवशी तिने आणि तिच्या मुलाने हलवली. "तवापासून अठं लावीतच नाय आमी. त्याचा जीव गेला ना." मग माझ्या तोंडाकडे बघून म्हणाली, "तुझा कोन तो?"

"वडील."

"मग उन्हात काय उभी? चल. पानी पी."

मी गेले. तांब्याने पाणी प्याले. तिच्या ओट्यावरून ती तार दिसते, मधोमध खाली आलेली. इतक्या वर्षांत ती तशीच लटकून होती. कागद काहीही म्हणू दे, ती तशीच होती.

आणि तारेच्या बरोबर खाली चार खड्डे खणून ठेवलेले होते. बाजूला पत्रे, लोखंडी पाइप. म्हातारीचा नातू पंचविशीतला आहे, प्लास्टिकच्या कंपनीत पाळीने जातो. तो गोठा बांधतो आहे. मी त्याला म्हटलं, इथे बांधू नकोस. तो तापला. "मॅडम, मी विचारून आलोय. तुमच्याच ऑफिसात. त्यांनी रजिस्टर उघडून बघितलं, उंची बरोबर आहे बोलले, कागद दिला. हा बघा." कागद त्याने आधीच प्लास्टिकच्या पिशवीत घालून ठेवला होता. त्यावर माझ्या वहीतला आकडा होता. रविवारी तो आणि त्याचे दोन मित्र दहा-दहा फुटी पाइप उभे करून वर पत्रे चढवणार होते. जूनपासून आम्ही वीज वाढवणार होतो. तार आणखी खाली येणार होती. आप्पा, तुम्ही नव्हतात तर गंजी त्या लोकांनी हलवली. गोठा कुणी हलवला असता?

मी त्याला म्हटलं, "तो आकडा चुकीचा आहे."

"कशावरून?"

"मी लिहिलाय."

त्याने पिशवीतला कागद पुन्हा वाचला. म्हातारी म्हणाली, "हलव रे, तीस पावलं तर न्यायचा." नातू कुरकुरला की खड्डे परत खणायला लागतील. आमच्या दोन्ही लाइनमननी जीपमधली पहार काढली आणि मोहाच्या बाजूला दोन खड्डे त्याला खणून दिले. बाकीचे दोन तो खणेल.

दुपारी रिपोर्ट लिहिला. दुधनी रस्त्याच्या गाळ्यात यंत्राचा आकडा बरोबर, रजिस्टरचा चूक. गाळा पुन्हा ताणून घेईपर्यंत लाइनवर जादा वीज सोडू नये. कारण: मूळ मोजणीच्या वेळी तार रस्त्यावरच्या बांबूच्या गार्डला टेकलेली होती, त्यामुळे लाट लवकर परत आली. गार्ड तपासण्याची जबाबदारी आणि नोंद माझी. इंजिनीअर मुलगा शेजारी बसून वाचत होता. हळूच म्हणाला, "मॅडम, तुमचं नाव कशाला? मूळ मोजणीत त्रुटी, एवढं लिहिलं तरी चालेल. किती जुनं आहे ते. डिसेंबरात तारच राहणार नाही." मी म्हटलं, म्हणूनच आता लिहिते. साहेब उद्या बोलावतील. काय विचारायचं ते विचारतील.

तुमच्या वेळच्या गँगमधलं आता इथे कुणी नाही. ठेकेदार गेला, विंचवाला गावाला परतला. तुम्ही घरी, साइटवर, कुणालाही काही बोलला नाहीत. बोलला असतात तर माझी नोकरी गेली असती. आठ उन्हाळे तुम्ही ते गवत इकडून तिकडे केलंत आणि मला कळू दिलं नाहीत. की मला कळावं म्हणून बाहीवरच्या काड्या झटकायच्या राहू दिल्यात, ते मला अजून कळलेलं नाही.

रिपोर्टमध्ये मी एक वाक्य लिहिलं आहे. तार गार्डला टेकल्याचं त्या वेळी लक्षात आलं नाही. साहेबांसाठी ते पुरेसं आहे. पण ते खरं नाही, आणि खरं काय ते सांगायला आता तुमच्याशिवाय कुणी उरलेलं नाही. त्या दिवशी प्रत्येक बारीक लाटेच्या मागोमाग मोठी येत होती. मी घड्याळ दाबल्यावर ती माझ्या हाताला लागली. तिन्ही वेळा लागली. तुमचा हात माझ्या वर होता, तुम्हालाही लागली. तुम्ही मला विचारलंत आणि मी आली म्हणाले.

पत्र कुठे पाठवायचं? स्टॉपवॉचच्या रुमालात ठेवते. गॅलरीत तुम्ही ताणून बांधलेली तार अजून आहे, गंज धरलाय तरी सैल पडलेली नाही. कपडे कधीचे वाळले असतील.

कपडे काढून आणले. दोन साड्या, एक टॉवेल, उशीचे अभ्रे. चिमटे डब्यात टाकले आणि पलंगावर बसून घड्या घातल्या.